उजेडाची रास

थांबा, आधी हुरड्याचं सांगते. कारण हुरडा नसता तर आम्ही त्या रात्री खळ्यात गेलोच नसतो. आणि उषे, मध्ये हसायचं न्हाई. तू हसली की मी सगळं विसरते.

तर आमचं पिंपळगाव, रेणुकाईचं. देवळामागून जी गाडीवाट जाते तिच्या टोकाला तातेराव काकांचं वावर. दुष्काळानंतर औंदा पहिल्यांदा शाळू असा आल्ता की आत माणूस शिरला तर फक्त पानं हललेली दिसायची. कणसं दुधानं भरलेली. काका वाटंवरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून राह्यले होते, "या रे, हुरडा खाऊन जा! दोन वर्षं रेशनचा लाल मिलोच खाल्लाय सगळ्यांनी!" त्यांची पोरगी शिवकन्या माझ्यासोबत चौथीपासून एका बाकावर बसलेली, म्हणून मी सुट्टीत घरी गेले की आम्हाला तर रोजचंच बोलावणं.

आणि माझा दादा, साहेबराव. तुम्ही त्याला बघितलंय, मागच्या वर्षी मला होस्टेलवर सोडायला आल्ता तो. उंच, सारखा वर बघून चालणारा. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली तरी नोकरी न्हाई. त्याला आभाळाचं येड. आमच्या बाबांना, मास्तर माणूस, त्याचं कौतुकही वाटायचं आणि धडकीही भरायची. शेवटी बाबांनी हसनाबादला ओळखीच्या किराणा दुकानात शब्द टाकला. संक्रांत झाली की दादानं तिथं हिशेब लिहायला बसायचं. दादानं मान डोलावली. फक्त त्याचं जेवण कमी झालं.

तेवढ्यात एका सरांनी त्याला सांगितलं की दक्षिणेत डोंगरावर एक वेधशाळा आहे, तिथं मदतनीसाची जागा निघालीय. काम काय, तर रात्रभर दुर्बिणीपाशी बसायचं, हातानं ती फिरवत तारा भिंगात धरून ठेवायचा, जागचा हलू द्यायचा न्हाई, म्हणजे फोटो नीट येतो. मार्कं-बिर्कं ठीक, पण खरी अट एकच. स्वतः हातानं तारा धरून काढलेला एका अंधुक तेजोमेघाचा फोटो पाठवायचा, महिना संपायच्या आत.

दादाला त्या दिवशी झोपच आली न्हाई. मला उठवून अंगणात नेलं आणि बोट दाखवलं. "तो मृग. त्याच्या खांद्यावरचा तो लाल, तो काक्षी. त्याच्या पूर्वेला, जरा खाली, काय दिसतं?"

"काहीच न्हाई."

"हां! तिथंच आहे. उमललेल्या गुलाबासारखा. डोळ्याला दिसत न्हाई, कारण डोळा उजेड बघतो अन सोडून देतो. फिल्म सोडत न्हाई, बेबे. ती साठवत राहती. अर्धा तास उघडी ठेवली की दिसेल."

पण अर्ध्या तासात आभाळ सरकतं ना. मंग ताऱ्यांच्या नुसत्या रेघा येतात. म्हणून दादानं दोन फळ्या घेतल्या, त्यांना दाराची बिजागरी लावली आणि मधून एक लांब मळसूत्री बोल्ट घातला. बोल्ट फिरवला की वरची फळी हळूहळू उघडती. बिजागरी बराबर ध्रुवाकडं रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बांधायचा, आणि पंधरा आकडे मोजून झाले की बोल्ट पाव फेरा द्यायचा. परत पंधरा, परत पाव फेरा. एक जरी चुकला तरी रेघ आलीच.

कॅमेरा सरांचा, सोमवारी परत द्यायचा. फिल्म एकच. शुक्रवारी ढग, शनिवारी ढग. रविवारी अमावस्या, आणि आभाळ असं निघालं, असं निघालं, जणू कुणी धुऊन वाळत घातलंय!

आता जागा. फळी कशावर ठोकायची? मातीत खुंटा रोवला तर हलतो. तर तातेराव काकाच म्हणले, "आरं सायबू, खळ्यातल्या मेढीवर बसव की. बैलं बांधून वर्षं गेली, अजून तसूभर हलली न्हाई ती."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला लाकडी खांब, मळणीला बैलं त्याच्याभोवती फिरतात. दादा खूश. म्हणला, "काका, वर पण असंच आहे. ध्रुव ही मेढ, बाकी सगळी बैलं."

"मंग आमचाच धंदा करून राह्यलेत की वरचे बी," काका म्हणले आणि हसत विहिरीवर गेले, गव्हाला पाणी द्यायला.

एक सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल बाबा त्या दिवशी एवढे का गप झाले. माझा आजा सुगीत त्याच खळ्याच्या कडेला बसायचा. बलुत्याचा वाटा मिळेपर्यंत, दिवस दिवस. आत पाय ठेवायचा न्हाई. आणि आम्ही सरळ मेढीला खिळे ठोकून राह्यलो होतो. बाबा संध्याकाळी बघून गेले. दादाच्या पाठीवर हात ठेवला अन परत फिरले.

आम्ही चौघं. दादा, मी, शिवकन्या आणि भिवा. भिवा दादाचा जोडीदार, त्याच्याकडं रेडियमचं घड्याळ, काट्यांना हिरवा उजेड. ते घड्याळ घेतल्यापासून तो अंधार पडायची वाटच बघतो. कौसल्याकाकू, म्हणजे शिवकन्याची आई, भाकरी द्यायला आल्ती ती सारखी म्हणून राह्यली होती, "अमावस्येचं खळ्यात कशाला? उद्या करा की."

"उद्या कॅमेरा न्हाई, काकू," दादा म्हणला.

"आणि आमच्या घरात अमावस्या बिलकुल चालत न्हाई," मी म्हणलं. "भूत न्हाई, नवस न्हाई, अंगारा न्हाई."

"तुमच्यात चालत न्हाई गं, पण त्यांना कुठं माहीत आहे?" काकू म्हणली आणि झपाझप निघून गेली. भिवा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

आधी पोटभर हुरडा झाला. आगटीत भाजलेली गरम कणसं, हातावर चोळायची, फुंकर मारायची, लसणाची चटणी, गूळ. बोटं काळी, तोंडं काळी. मंग दादानं आगटीवर राख ओढली, कारण उजेड बिलकुल नको. आणि अंधार झाला. असा अंधार तुम्ही जालन्यात बघितलाच न्हाई. स्वतःचा हात दिसत न्हाई, आणि वर मात्र एवढे तारे की गर्दीनं आवाज व्हावा असं वाटतं. शाळूचा गोड वास. लांब ओढ्याकडं कोल्हं एकदा बोललं अन गप झालं. काकांच्या विहिरीवरचं इंजिन तेवढं थकथक करून राह्यलं होतं.

मोजायचं कसं ते ठरलं. एकट्यानं मोजलं तर डुलकी लागती, म्हणून तिघांनी आळीपाळीनं. भिवा घड्याळ बघून एक म्हणेल, शिवकन्या दोन, मी तीन, परत भिवा चार. असं करत पंधरा माझ्यावर यायचं. मी पंधरा म्हणलं की दादा बोल्ट फिरवणार. त्यानं तोंडातून शब्द काढायचा न्हाई. अर्धा तास झाला की भिवा "बस" म्हणेल.

शिवकन्या म्हणली, "एक नका म्हणू. खळ्यात एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणायचं."

हे तुम्हाला माहीत आहे का? रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. म्हणजे रास कमी पडत न्हाई, वाढती.

"आगं, आपण काय जवारी मापून राह्यलो का?" भिवा म्हणला.

"खळं तर खळंच आहे ना!"

"मी सायन्सचा माणूस. मी एकच म्हणणार."

"भांडा तुम्ही, मृग चालला डोक्यावरून," दादा म्हणला. मंग त्यानं कॅमेऱ्याची कळ दाबली, आणि फिल्म उघडी झाली.

"एक," भिवा.

"दोन," शिवकन्या.

"तीन."

पहिल्यांदा सगळे अडखळलो. शिवकन्याला हसू येऊन राह्यलं, मी तिला चिमटा काढला. मंग बसलं. एकदा बसल्यावर तर मजा यायला लागली, खरंच सांगते. झोपाळ्यावर बसल्यासारखं. पंधरा म्हणलं की अंधारात बोल्टाची बारीकशी कुरकुर. परत एक. थंडी पायातून वर चढून राह्यली होती, पण मला वाटत होतं की हे असंच रात्रभर चालावं. दादाचा श्वास ऐकू यायचा. मी मनात म्हणत होते, चुकू नको, बेबे, तू चुकली तर दादा हसनाबादला.

मंग एकदा माझं पंधरा झालं, बोल्ट कुरकुरला, आणि भिवाच्या बाजूनं आलं,

"लाभ."

शिवकन्यानं मला कोपरानं ढोसलं. जिंकली ना ती! मला पण हसू आलं. म्हणलं, बघा, सायन्सचा माणूस. तिनं "दोन" म्हणलं ते असं ऐटीत!

त्यानंतर दर खेपेला लाभच. आणि एक सांगू? त्यानंतरच ते मोजणं चांगलं झालं. आधी भिवा कधी घाईत, कधी रेंगाळत म्हणायचा. आता एकसारखं, जरा ओढून, जुन्या माणसांसारखं. माप भरायचं, हातानं वर शिग चढवायची, ओतायचं, अशा चालीवर. त्या चालीवर आमचे आकडे पण आपोआप पडायला लागले. मला वाटलं, भिवा नक्कल करून राह्यलाय. भिवा नकला लई छान करतो, आमच्या गावच्या मापाड्याची तर हुबेहूब.

विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. म्हणजे काकांचं पाणी झालं.

किती वेळ गेला कळेना. मृग डोक्यावरून जरा कलला होता, का मलाच तसं वाटलं. मला भिवाला विचारायचं होतं, किती झालं? पण मध्ये बोललं की मोजणं तुटणार. म्हणून मी विचारलं न्हाई.

आवाज आता जरा लांबून येऊन राह्यला होता. मला वाटलं, भिवा पाय मोकळे करायला सरकला असेल.

खळ्याच्या कडेला.

"तेरा," त्या बाजूनं आलं.

"चौदा," शिवकन्या.

"पंधरा," मी.

बोल्ट कुरकुरला.

आम्ही थांबलो. लाभची वाट बघत.

लाभ आलं न्हाई.

कोल्हं न्हाई, वारा न्हाई, शाळूचं पानसुद्धा हललं न्हाई. मंग दादानं हळूच कळ सोडली. खट् असा आवाज आला. फिल्म बंद.

"झालं," दादा म्हणला. "भिवा, अर्धा तास झाला ना बराबर?"

भिवाकडून नुसता घड्याळ हलवल्याचा आवाज आला.

"आरं भिवा!"

"मला विचारू नको," भिवा म्हणला. तो माझ्या अगदी शेजारी होता. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. "घड्याळ कवाच बंद पडलंय. चावी द्यायची राह्यली. मी आवाज केला न्हाई, म्हणलं तुमचं तुटेल."

"पण तू तर मोजून राह्यला होता," शिवकन्या म्हणली. "लाभ म्हणून राह्यला होता."

"मी न्हाई. घड्याळ बंद पडलं तसा मी गप बसलो. मला वाटलं तातेराव काका येऊन बसले माझ्या पलीकडं. त्यांनीच धरलं पुढं. म्हणलं बरं झालं."

दादानं आगटीवरची राख उकरली, वाळलेलं पाचट टाकलं. जाळ झाला. भिवाच्या पलीकडं नुसतं खळं होतं. सपाट.

आणि मंग काका आले. शाळूतनं, हातात कंदील, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. येता येताच ओरडले, "आरं, कुणाची रास मापून राह्यले रे? जवारी अजून उभी हाय माझी! मी म्हणलं औंदा मापाडी आधीच आला का काय!"

"काका, तुम्हाला ऐकू आलं?"

"न्हाई कसं? विहिरीपर्यंत येऊन राह्यला होता आवाज. वळखीचा वाटला. नाव काही आठवंना." काका बसले, हात शेकले. "चांगला मापत होता, पण. शिग लावून. चारा रे मला बी थोडा हुरडा."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आणि काय झालं माहीत आहे? भिवाला हसू आलं. मंग मला. मंग सगळेच हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भीती वाटायला पाहिजे होती ना? वाटली न्हाई. इतकं छान वाटून राह्यलं होतं की बास. शिवकन्यानं तेवढं घरी जाताना माझा हात सोडला न्हाई.

दुसऱ्या दिवशी दादा जालन्याला गेला, कॉलेजच्या काळ्या खोलीत फिल्म धुतली. संक्रांतीला सकाळच्या एसटीनं आला. मी तिळगूळ घेऊन दारात. त्यानं पिशवीतून फोटो काढला. तारे असे, मोहरीच्या दाण्यासारखे, एकही रेघ न्हाई. आणि काक्षीच्या पूर्वेला, जिथं मला काहीच दिसलं नव्हतं, तिथं गुलाब. पाकळ्या, पाकळ्यांच्या कडा, मधली पोकळ जागासुद्धा! बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणले, "हे आपल्या खळ्यावरून दिसतं?" दादानं मला उचलून गरकन फिरवलं आणि आईचा तिळगुळाचा डबा उपडा झाला.

फोटो गेला. वेधशाळेतून बोलावणं आलं, फिल्म सोबत घेऊन या. दादा आयुष्यात पहिल्यांदा मनमाडच्या पुढं गेला.

तिथं एक म्हातारे साहेब होते. त्यांनी फिल्म काचेवर ठेवली, खालून दिवा लावला, आणि भिंग लावून लई वेळ बघत बसले. मंग विचारलं, किती वेळ उघडी होती? दादानं खरं ते सांगितलं. अर्धा तास, थोडा इकडंतिकडं. घड्याळ बंद पडल्याचं पण सांगितलं.

साहेब हसले. म्हणले, "अर्ध्या तासात एवढा उजेड येत नाही. ह्या बाहेरच्या पाकळ्या यायला कितीतरी रात्री लागतात. लपवता कशाला? रोज रात्री तीच फिल्म, तीच जागा, अशी चिकाटीच तर हवी आहे आम्हाला."

दादा म्हणला, "न्हाई साहेब, एकच रात्र."

साहेबांनी त्याला भिंग दिलं. फोटोच्या वरच्या कोपऱ्याकडं, मिथुन राशीत, बोट दाखवलं. तिथं एक ठळक ठिपका होता. त्याला लागून दुसरा. त्याला लागून तिसरा. बारीक मण्यांची माळ.

"हा शनी," साहेब म्हणले. "तो ताऱ्यांमधून रोज थोडा सरकतो. एका रात्रीत एकच ठिपका येतो. मोजा तुम्हीच."

मंग त्यांनी ग्रहांचं पंचांग काढलं, पट्टी लावली. पहिला ठिपका अमावस्येच्या रात्रीचा, बराबर. तिथून एकेक रात्र मोजत शेवटच्या ठिपक्यापाशी आले. थांबले. परत मोजलं. मंग म्हणले, "माझंच काहीतरी चुकतंय. हा आज रात्रीचा येतोय." आणि खिडकीकडं बघितलं. बाहेर ऊन होतं.

त्यांनी पंचांग मिटलं आणि दादाला नोकरी दिली! अगं, खरंच दिली! एक तारखेपासून. घरात नुसती दिवाळी. बाबांनी गावभर पेढे वाटले, कौसल्याकाकूला शनीचं कळलं तर ती मारुतीला तेल घालून आली, आणि बाबा तिला काही बोललेसुद्धा न्हाईत. हसनाबादच्या दुकानात आता भिवा बसतो. घड्याळाला रोज चावी देतो.

जाताना दादानं ही प्रत मला दिली. काळजी करू नकोस म्हणला, नुसती बघत जा.

घ्या, बघा ना. कडेला धरा, बोटं लावू नका. हा काक्षी, हा गुलाब, किती गोड आहे! आणि हा वरचा कोपरा. भिंग घे, उषे. ती माळ दिसली? तिच्या पुढं एक बारका तारा आहे. काल रात्री मी बघितलं तेव्हा शेवटचा मणी त्याच्या अलीकडं होता.

आता सांग बरं, कुठं आहे?